रुग्णाशी बोलणारे यंत्र

डॉक्टरांच्या दृष्टीआडचे दिवस

काही रोग एकदा जडले म्हणजे जन्मभर सोबत करतात. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि दमा हे त्यांपैकी होत. अशा रोगांचा एक विशेष असा की, त्यांचा बहुतेक काळ डॉक्टरांच्या दृष्टीआड जातो. महिन्यातून एकदा दवाखान्यात जाऊन डॉक्टरांशी दहा मिनिटे बोलणारा रुग्ण आपण उदाहरणादाखल घेऊ. तीस दिवसांची मिनिटे होतात ४३,२००. त्यांपैकी ४३,१९० मिनिटे डॉक्टर रुग्णाला पाहत नाहीत. या काळात किती गोळ्या चुकल्या, कोणत्या दिवशी डोके जड झाले, रक्तदाब कधी वाढला आणि कधी उतरला, हे सारे पुढच्या भेटीत सांगावयाचे ते केवळ आठवणीच्या आधारावर. आणि आठवण तर कालची चक्कर तेवढी लक्षात ठेवते, तीन आठवड्यांपूर्वीची विसरते.

हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून सुमारे ३१ कोटी ५० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. इतक्या लोकांची रोज विचारपूस करण्याइतके डॉक्टर किंवा परिचारिका कोणत्याही देशाजवळ असणे शक्य नाही.

रुग्णाने रोजची नोंद वहीत लिहावी, असा सल्ला डॉक्टर पूर्वीपासून देत आले आहेत. सल्ला उत्तम आहे. परंतु वही स्वतः होऊन काही विचारीत नाही. पान कोरे राहिले तरी ती गप्प बसते आणि धोक्याचा आकडा लिहिला तरीही गप्पच बसते. शिवाय ज्याला लिहिता येत नाही किंवा ज्याची दृष्टी अधू आहे, त्याला वहीचा उपयोग नाही. रोज आपणहून विचारील, बोललेले ऐकून लिहून घेईल आणि गरज पडल्यास योग्य माणसाला कळवील, अशी वही करता येईल का? या विचारातून जे यंत्र पुढे आले, त्याला इंग्रजीत चॅटबॉट म्हणतात. या पुस्तिकेत आपण त्याला संवादयंत्र म्हणू. ते मोबाइल फोनवर लेखी किंवा बोली संदेशांद्वारे रुग्णाशी संभाषण करते.

हे यंत्र कसे रचावयाचे, हे समजण्यासाठी एका काल्पनिक रुग्णाला सोबत घेऊ. नवी दिल्लीतील रामकृष्णपुरम, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले आर. के. पुरम, ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून बदलीने आलेली कुटुंबे येथे शेजारी शेजारी राहतात. सातारा जिल्ह्यातील एक वृद्ध बाई अशाच एका सरकारी घरात मुलाकडे राहावयास आल्या आहेत, अशी कल्पना करू. त्यांना उच्च रक्तदाब आहे. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचा दवाखाना जवळच आहे. ही योजना दिल्लीत १९५४ मध्ये सुरू झाली. पण मुलगा व सून दिवसभर कामावर असतात, डॉक्टर हिंदीत बोलतात आणि आजीबाईंची भाषा साताऱ्याकडची मराठी. त्यांच्या हाताशी रक्तदाब मोजण्याचे घरगुती उपकरण आणि मुलाचा जुना मोबाइल फोन आहे. या आजीबाईंना उपयोगी पडेल असे संवादयंत्र आपल्याला रचावयाचे आहे.

यंत्र बोलते म्हणजे काय करते

यंत्राशी संभाषण ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ नावाचा संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला. मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाचेच वाक्य उलटवून त्याला प्रश्न विचारतो, त्या पद्धतीचे अनुकरण तो करीत असे. ‘मला आईची आठवण येते’ असे लिहिले की, ‘आईविषयी अधिक सांगा’ अशा धर्तीचे उत्तर येई. वाक्यातील एखादा शब्द हेरून तो ठरलेल्या साच्यात बसवावयाचा, एवढेच त्यामागचे तंत्र होते. अर्थ त्याला मुळीच कळत नसे. असे असूनही लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले. हे पाहून वायझेनबॉम स्वतःच अस्वस्थ झाले आणि १९७६ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी यंत्रावर असा विश्वास टाकण्याविरुद्ध इशारा दिला. यंत्राला काहीही समजत नसले तरी, त्याला समजते असे माणसाला सहज वाटते, ही गोष्ट रुग्णांसाठी यंत्र रचणाऱ्याने आरंभीच मनात ठसवून घेतली पाहिजे.

आजची संवादयंत्रे स्थूलमानाने दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात सारे प्रश्न आणि उत्तरांच्या वाटा माणसांनी आधीच ठरवून दिलेल्या असतात. ‘होय’ असे उत्तर आले तर या प्रश्नाकडे जा, ‘नाही’ आले तर त्या प्रश्नाकडे, अशी ती फांद्या फुटलेल्या झाडासारखी रचना असते. असे यंत्र ठरल्याबाहेर काही बोलत नाही, त्यामुळे ते सुरक्षित असते. मात्र रुग्णाने अनपेक्षित वाक्य उच्चारले की ते अडते. दुसऱ्या प्रकारचे यंत्र भाषेच्या प्रचंड नमुन्यांवरून शिकलेले असते. कोणत्या शब्दांनंतर कोणता शब्द येणे संभवनीय आहे, याचा हिशेब करीत ते वाक्य जुळविते. त्याचे बोलणे सहज आणि ओघवते असते. परंतु संभवनीय वाक्य खरे असेलच असे नाही. जी गोष्ट नाही ती हे यंत्र पूर्ण आत्मविश्वासाने सांगू शकते, आणि औषधाच्या मात्रेविषयी असे घडले तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

म्हणून जाणते रचनाकार दोन्ही प्रकारांची सांगड घालतात. रुग्णाचे बोलणे समजून घेण्यासाठी दुसऱ्या प्रकारचे यंत्र, आणि काय विचारावयाचे, धोका कशाला म्हणावयाचे व मग काय करावयाचे हे ठरविण्यासाठी डॉक्टरांनी घालून दिलेले पक्के नियम, अशी ही वाटणी असते.

आजीबाई बोलल्या की यंत्राच्या आत पाच पायऱ्यांचे काम चालते. प्रथम आवाजाचे अक्षरांत रूपांतर होते. नंतर बोलण्याचा हेतू ओळखला जातो: त्या आकडा सांगत आहेत, तक्रार करीत आहेत, की काही विचारीत आहेत? तिसऱ्या पायरीवर तपशील वेचला जातो, म्हणजे आकडे, वेळ, औषधाचे नाव आणि लक्षण. चौथ्या पायरीवर, कोणता तपशील अजून मिळालेला नाही हे पाहून पुढचा प्रश्न ठरतो. पाचव्या पायरीवर नोंद लिहिली जाते आणि ती धोक्याच्या नियमांशी ताडून पाहिली जाते.

कशाची नोंद घ्यावी

मोजणे चुकीचे असेल तर कितीही नीटनेटकी नोंद निरुपयोगी होय. रक्तदाब मोजण्यापूर्वी निदान पाच मिनिटे शांत बसावे, पाठीला आधार असावा, पाय जमिनीवर टेकलेले असावेत, दंडावरील पट्टी हृदयाच्या पातळीवर असावी, आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा श्रम झालेले नसावेत आणि एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे, असा नियम आहे. जिने चढून आल्याबरोबर मोजलेला आकडा रोगाचा नसून जिन्याचा असतो. म्हणून चांगले संवादयंत्र आकडा मागण्यापूर्वी विचारते, ‘आजी, पाच मिनिटं बसून मग मोजलंत ना?’

त्यानंतरचे प्रश्न मोजकेच असावेत. आजचे दोन आकडे कोणते, गोळी घेतली की राहिली, काही त्रास होतो का, आणि गोळ्या किती दिवस पुरतील, या चार प्रश्नांत दिवसाची नोंद पुरी होते. पहिल्या दिवशी वीस प्रश्न विचारणाऱ्या यंत्राला दहाव्या दिवशी कोणी उत्तर देत नाही.

प्रश्न कसा विचारला जातो यावर उत्तराचा खरेपणा अवलंबून असतो. ‘गोळी का घेतली नाही?’ या प्रश्नात जाब विचारण्याचा सूर आहे. असा सूर लागला की माणूस ‘घेतली’ असे सांगून मोकळा होतो. ‘आज गोळी घ्यायची राहिली का?’ असे विचारले तर राहिल्याचे कबूल करणे सोपे जाते. मग कारणही कळते. गोळ्या संपल्या असतील, गोळीने खोकला येत असेल किंवा पाय सुजत असतील, अथवा बरे वाटू लागल्यामुळे गोळीची गरज उरली नाही असा समज झाला असेल. या प्रत्येक कारणावरील उपाय वेगळा आहे. त्यामुळे डॉक्टरांच्या दृष्टीने नुसत्या ‘नाही’ या उत्तरापेक्षा त्यामागचे कारण अधिक मोलाचे असते.

भाषेची अडचण

आता आपण या रचनेतील सर्वांत कठीण भागाकडे वळू. आर. के. पुरम या वसाहतीशी वैज्ञानिक परिभाषेचा जुना संबंध आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाने येथील कार्यालयातून दीर्घकाळ काम केले आहे. प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंग कोठारी हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. भारतीय भाषांत विज्ञान शिकविण्यासाठी प्रत्येक संकल्पनेला एक निश्चित शब्द हवा, हा त्या कार्यामागचा हेतू. महाराष्ट्रात १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने मराठीसाठी अशाच प्रकारचे काम केले. पाठ्यपुस्तकाला आणि डॉक्टरांच्या टिपणाला अशा निश्चित शब्दांवाचून गत्यंतर नाही.

परंतु रुग्ण परिभाषेत बोलत नाही. हिंदीत ‘रक्तचाप’ आणि मराठीत ‘रक्तदाब’ असे शब्द ग्रंथांत स्थिर झाले असले, तरी दोन्ही भाषांतील रुग्ण म्हणतो ‘बीपी’. मधुमेहाला तो ‘शुगर’ म्हणतो. चक्कर, भोवळ आणि घेरी हे शब्द जवळचे आहेत, तरी एकाच्या बोलण्यात त्यांचा अर्थ डोळ्यांपुढे अंधारी येणे असा असतो, तर दुसऱ्याच्या बोलण्यात सभोवतालचे घर फिरणे असा. आणि वैद्यकाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. ‘जीव घाबरा होतो’ यात छातीतील धडधड असू शकते, श्वास कोंडणे असू शकते किंवा केवळ काळजीही असू शकते. ‘त्रास अंगावर काढला’ या शब्दांतून उपचार न घेता सोसल्याची मोठी हकिकत सूचित होते. तिचे शब्दशः भाषांतर करणाऱ्या यंत्राच्या हाती मात्र काहीच लागत नाही.

म्हणून संवादयंत्राला दोन बाजूंचा कोश लागतो. एका बाजूस लोकांच्या तोंडचे शब्द आणि दुसऱ्या बाजूस वैद्यकाची परिभाषा. लोकांच्या बाजूचे शब्द कोणत्याही एका कार्यालयात बसून तयार करता येत नाहीत. ते दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसांकडून गोळा करावे लागतात. आणि जेथे शब्दाचा अर्थ एकाहून अधिक होतो, तेथे यंत्राने तर्क न करता पुन्हा विचारावे. ‘चक्कर म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी येते, की घर फिरल्यासारखं वाटतं?’ हा प्रश्न साधा आहे, परंतु त्याच्या उत्तरावर पुढचा उपचार अवलंबून असतो.

आकड्यांची तऱ्हाही अशीच आहे. आजीबाई ‘दीडशे’ म्हणतील, ‘सव्वाशे’ म्हणतील, क्वचित ‘पावणेदोनशे’ही म्हणतील. १५०, १२५ आणि १७५ हे त्यांचे अर्थ मराठी माणसाला शिकवावे लागत नाहीत, पण यंत्राला शिकवावे लागतात. ‘एकशे साठ’ आणि ‘एकसष्ट’ हे शब्द भरभर उच्चारले तर कानाला जवळजवळ सारखे लागतात. पहिला आकडा काळजी करण्याजोगा आहे; दुसरा, वरचा रक्तदाब म्हणून खरा असेल तर, माणूस उभा राहण्याच्याही स्थितीत नसेल. म्हणून ऐकलेला आकडा यंत्राने परत वाचून दाखवावा: ‘एकशे साठ आणि शंभर असं लिहिलं. बरोबर आहे का?’ शिवाय वरचा आकडा खालच्यापेक्षा लहान आला, किंवा कोणताही आकडा संभाव्य मर्यादेबाहेर गेला, तर नोंद करण्यापूर्वी पुन्हा मोजण्यास सांगावे.

काळवाचक शब्दांतही खाचखळगे आहेत. मराठीतील ‘परवा’ गेलेल्या दिवसालाही लागू पडतो आणि येणाऱ्या दिवसालाही. हिंदीतील ‘कल’ तर काल आणि उद्या या दोहोंचे काम करतो. दिल्लीत काही वर्षे काढलेल्या मराठी माणसाच्या बोलण्यात हे सारे मिसळलेले असते. ‘गोळ्या परवा संपल्या’ आणि ‘गोळ्या परवा संपतील’ या दोन वाक्यांत फरक आहे तो केवळ क्रियापदाचा. पण एका वाक्यातील रुग्णाने दोन दिवस औषध घेतलेले नाही, आणि दुसऱ्या वाक्यातील रुग्णाला आजच दवाखान्यात पाठविले तर त्याचा एकही दिवस चुकणार नाही.

यंत्राने कोठे थांबावे

आजीबाईंचा आकडा एके दिवशी १८० व १२० यांच्या वर गेला असे समजू. अशा वेळी यंत्राने प्रथम त्रासाविषयी विचारावे. छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा अकस्मात दृष्टी जाणे, यांपैकी काहीही असेल, तर संभाषण तेथेच संपवून तातडीची मदत मागविण्यास सांगावे आणि घरच्या माणसाला त्याच क्षणी कळवावे. देशभर ११२ हा तातडीचा क्रमांक आहे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. कोणताही त्रास नसेल, तर काही मिनिटे विश्रांती घेऊन पुन्हा मोजावयास सांगावे आणि आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखविण्यास सांगावे. हे नियम भाषा जुळविणाऱ्या यंत्राच्या मर्जीवर सोडावयाचे नसतात. ते डॉक्टरांनी लिहून दिलेले व न बदलणारे असावे लागतात.

गोळी वाढवू का, थांबवू का, असे आजीबाईंनी विचारले तर? याचे उत्तर यंत्राने देऊ नये. भारतात २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट केलेले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेने रुग्णाला सल्ला देऊ नये किंवा औषध लिहून देऊ नये. नोंदणीकृत डॉक्टरांना साहाय्य मात्र करावे, असा त्यांचा आशय आहे.

ही मर्यादा ओलांडली गेल्यास काय होते, याचे उदाहरण २०२३ मध्ये अमेरिकेत घडले. खाण्यासंबंधीच्या मानसिक विकारांनी ग्रस्त लोकांना मदत करणाऱ्या तेथील एका राष्ट्रीय संघटनेने ‘टेसा’ नावाचे संवादयंत्र चालविले होते. त्या यंत्राने वजन उतरविण्याचे व आहार मोजून कमी करण्याचे सल्ले दिल्याचे निदर्शनास आले. सर्वसाधारण माणसाला हा सल्ला निरुपद्रवी वाटेल. पण उपाशी राहणे हाच ज्यांचा रोग, त्यांच्या दृष्टीने तो घातक होता. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या अखेरीस यंत्र बंद करण्यात आले.

याउलट, मर्यादा सांभाळून रचलेल्या यंत्राचे उदाहरण बंगळूरचे आहे. तेथील शंकरा नेत्र रुग्णालयात, मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी ‘कॅटरॅक्टबॉट’ नावाचे संवादयंत्र रचले. त्याचा वृत्तांत २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हॉट्सॲपवर रुग्णाने आपल्या भाषेत प्रश्न विचारला की यंत्र रुग्णालयाने मान्य केलेल्या माहितीच्या आधारे उत्तर देते, पण ते अजून तपासलेले नाही असेही दर्शविते. तेच उत्तर डॉक्टरांकडे जाते; त्यांनी ते योग्य ठरविले की रुग्णाला तशी खूण दिसते, आणि चुकीचे ठरविले तर दुरुस्त उत्तर जाते. रुग्णाला वाट पाहत बसावे लागत नाही आणि उत्तराची जबाबदारी अखेर माणसावरच राहते.

नोंद झाली, पुढे काय

यंत्राची नोंद आणि प्रत्यक्ष स्थिती यांत अंतर असू शकते. क्षयरोगाच्या औषधांसाठी भारतात वापरलेली ‘९९ डॉट्स’ ही पद्धत या दृष्टीने फार बोधप्रद आहे. तिच्यातील संभाषण अगदी अल्प होते. गोळ्यांच्या पाकिटाला एक आवरण असे आणि गोळी दाबून बाहेर काढली की तिच्यामागे छापलेला क्रमांक दिसे. रुग्णाने त्या क्रमांकावर पैसे न पडणारा फोन करावयाचा. फोन आला म्हणजे गोळी घेतली असे धरावयाचे. मुंबई, चेन्नई आणि वेल्लोर येथील रुग्णांच्या बाबतीत ही नोंद लघवीच्या चाचणीशी ताडून पाहण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेतल्याचे चाचणीत सिद्ध झालेल्या अनेकांचे फोन आलेले नव्हते, तर काही जणांचे फोन येऊनही चाचणीत औषध आढळले नाही. फोन जवळ नसणे, तो घरातील दुसऱ्याच्या हाती असणे, फोन करण्याचा कंटाळा येणे, अशी कारणे सहज संभवतात. म्हणून कोऱ्या नोंदीवरून रुग्णाला दोष देणे चूक, आणि भरलेल्या नोंदीवरून निर्धास्त होणेही चूक.

दुसरी अडचण अशी की, काही दिवसांनी लोक उत्तर देणे सोडतात. मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये स्थापन केलेली ‘आरमान’ ही संस्था ‘एम-मित्र’ योजनेतून गर्भवती स्त्रिया व नवमातांना त्यांच्या भाषेत, फोनवर ध्वनिमुद्रित माहिती ऐकविते. काही काळाने अनेक स्त्रिया फोन ऐकेनाशा होतात. त्यांना पुन्हा जोडून घेण्यासाठी कार्यकर्त्यांनी स्वतः फोन करणे हा उपाय आहे, पण कार्यकर्ते थोडे आणि स्त्रिया फार. तेव्हा गूगलच्या संशोधकांच्या साहाय्याने, कोणाला फोन केल्याचा सर्वाधिक उपयोग होईल हे गणिताने ठरविण्यात आले. सुमारे २३,००० स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात, अशा निवडीमुळे दुरावण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्राने येथे माणसाची जागा घेतली नाही. माणसाने आपला थोडा वेळ कोठे खर्चावा, एवढे सांगितले.

आपल्या आजीबाईंच्या जिल्ह्यातही याच दिशेने काम झाले आहे. २०१७ मध्ये आरंभ झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे प्रथम निवडले गेले. ठरावीक औषधे, त्यांचा अखंड पुरवठा, प्रत्येक भेटीची नोंद आणि जो रुग्ण ठरल्या दिवशी आला नाही त्याची विचारपूस, ही त्या कार्याची सूत्रे होत. गोळ्या संपल्याचे यंत्राला कळले, पण दवाखान्यात गोळ्याच नसल्या, तर संवादयंत्राचा काही उपयोग नाही.

या सर्व उदाहरणांवरून एकच कसोटी हाती येते. रुग्णाचे म्हणणे, अर्थ न बदलता आणि वेळ न दवडता, काही करू शकणाऱ्या माणसापर्यंत पोहोचविणे हे संवादयंत्राचे खरे कार्य होय. ते किती गोड बोलते यापेक्षा हे कार्य ते किती विश्वासाने करते, यावर त्याची योग्यता ठरवावी.

गुपिताची राखण

रोगाची नोंद ही खासगी गोष्ट आहे. २०२३ मध्ये भारतात डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. व्यक्तीची माहिती तिच्या संमतीने आणि सांगितलेल्या कारणापुरतीच वापरावी, हे त्यामागचे तत्त्व आहे. संमती कळेल अशा भाषेत मागितली पाहिजे. चार पानी इंग्रजी मजकुराखाली आजीबाईंचा अंगठा घेणे ही संमती नव्हे. ‘तुमचे आकडे दवाखान्यातल्या डॉक्टरांना आणि तुमच्या मुलाला दिसतील, चालेल का?’ असे विचारून, ‘मुलाला नको’ हे उत्तरही मान्य करण्याची सोय असली पाहिजे. आपल्याकडे एकच फोन घरातील अनेकांच्या हाती फिरतो. यास्तव येणाऱ्या संदेशात रोगाचे नाव उघड न लिहिता ‘आजची नोंद बाकी आहे’ एवढेच लिहिणे हे शहाणपणाचे.

विद्यार्थ्यांनी करून पाहावयाचा प्रयोग

संवादयंत्राची रचना संगणकावाचूनही अभ्यासता येते. वर्गातील तिघांनी मिळून हा प्रयोग करावा. एकाने रुग्ण व्हावे आणि कागदावर आपली स्थिती गुप्तपणे लिहून ठेवावी: रक्तदाब किती, गोळी घेतली की नाही, न घेतल्यास कारण कोणते आणि त्रास कोणता. दुसऱ्याने यंत्र व्हावे. त्याने आधी लिहून ठेवलेल्या पत्रांवरचेच प्रश्न विचारावेत आणि मनाचे काही बोलू नये. तिसऱ्याने, रुग्ण बोलेल तेवढेच लिहून घ्यावे. रुग्णाने घरातील वडील माणसे बोलतात तसे बोलावे. दहा मिनिटांनंतर गुप्त कागद आणि नोंद समोरासमोर ठेवून पाहावे.

बहुधा असे दिसेल की, एखादा प्रश्न विचारावयाचाच राहून गेला आहे, एखाद्या शब्दाचा अर्थ भलताच घेतला गेला आहे आणि एखादी गोष्ट रुग्णाने संकोचाने सांगितलेली नाही. मग पत्रे सुधारावीत आणि दुसऱ्या रुग्णावर प्रयोग पुन्हा करावा. प्रत्यक्ष यंत्र रचणारेही त्याचा पहिला आराखडा असाच तपासतात. यासोबत आणखी एक काम प्रत्येकाने करावे. आपल्या घरातील आणि शेजारची वडील माणसे चक्कर, धाप, अशक्तपणा आणि छातीतील दुखणे यांसाठी कोणकोणते शब्द वापरतात, ते त्यांना विचारून, गाव आणि जिल्हा नोंदवून एका वहीत लिहावेत. कोल्हापूर, नागपूर, सिंधुदुर्ग आणि दिल्ली येथील वह्या एकत्र ठेवल्या, तर पूर्वी सांगितलेल्या दोन बाजूंच्या कोशातील लोकांची बाजू तयार होऊ लागेल.